आयसिंग मॉडेलच्या वाटेने द्विमितीय क्षेत्र सिद्धांत: मुस्सार्दो यांच्या ‘स्टॅटिस्टिकल फील्ड थिअरी’चे परीक्षण

क्वांटम क्षेत्र सिद्धांताच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याचा बराचसा काळ फाइनमन आकृत्या मोजण्यात जातो आणि एवढी यातायात करून हाती जे उत्तर लागते ते कुठल्यातरी लहान स्थिरांकाच्या घातश्रेणीतील पहिल्या दोन-तीन पदांपुरतेच असते. तो स्थिरांक लहान नसला, की ही सगळी रीत लंगडी पडते. अवकाशाची एक आणि काळाची एक अशा दोनच मिती घेतल्या, तर मात्र काही सिद्धांत असे सापडतात, की ज्यांतील कणांची वस्तुमाने, त्यांच्या टकरींचे एस-मॅट्रिक्स (टकरीतून काय निघेल हे सांगणारा तक्ता) आणि काही वेळा सहसंबंध फलनेदेखील (दोन ठिकाणची क्षेत्रे एकमेकांशी किती निगडित आहेत हे सांगणारी) कोणतीही श्रेणी न मांडता नेमकी काढता येतात. या विषयावर शोधनिबंध उदंड आहेत, पण एम.एस्सी.चे गणित आणि सांख्यिकीय भौतिकी एवढीच शिदोरी असलेल्या वाचकाला पहिल्या पायरीपासून चालत्या संशोधनाच्या उंबरठ्यापर्यंत नेणारी पुस्तके फार थोडी आहेत. इटलीतील त्रिएस्ते येथील सिसा या संस्थेतील ज्युझेप्पे मुस्सार्दो यांचे ‘स्टॅटिस्टिकल फील्ड थिअरी’ हे त्यांपैकी एक असून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०१० साली ते प्रसिद्ध केले. त्याआधी २००७ साली त्याचा इटालियन अवतार निघाला होता आणि त्याच्या शीर्षकातच आयसिंग मॉडेलचे, म्हणजे जाळीच्या प्रत्येक बिंदूवर वर किंवा खाली तोंड केलेला एकेक लहान चुंबक बसवलेल्या मॉडेलचे, नाव होते. इंग्रजी आवृत्तीच्या नावातून आयसिंग गेला असला, तरी पुस्तकाचा नायक तोच आहे.

साडेसातशेच्या आसपास पाने आणि एकवीस प्रकरणे एवढा या ग्रंथाचा पसारा आहे. त्याचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिल्या भागात जालकावरची, म्हणजे चौकटीच्या कागदासारख्या जाळीवर मांडलेली मॉडेले येतात. दुसऱ्या भागात ती जाळी इतकी बारीक झालेली असते, की तिच्या जागी अखंड क्षेत्र धरता येते. या दोहोंमध्ये रेनॉर्मलायझेशन ग्रुपचे, म्हणजे मोजपट्टी बदलली की सिद्धांत कसा बदलतो याच्या गणिताचे, प्रकरण आहे. या क्षेत्रात वावरणारे लोकही बहुधा असेच दोन गटांत विभागलेले असतात आणि एका गटाची परिभाषा दुसऱ्याला परकी वाटते. मुस्सार्दो यांनी दोन्हींकडची परिभाषा एकाच वाचकाला शिकवण्याचा घाट घातला आहे आणि माझ्या मते तो बहुतांशी तडीस गेला आहे.

एकाच मॉडेलला अनेक बाजूंनी भिडण्याची लेखकाची रीत हे या यशाचे कारण आहे. विल्हेल्म लेन्झ यांनी १९२० साली मांडलेला प्रश्न त्यांचे विद्यार्थी अर्न्स्ट आयसिंग यांनी एका मितीत सोडवला आणि १९२५ साली प्रसिद्ध केला. तिथे शून्याव्यतिरिक्त कोणत्याही तापमानाला चुंबकत्व टिकत नाही, असे निघाले. दोन मितींत चुंबकत्व नेमक्या कोणत्या तापमानाला नाहीसे होते, याचे उत्तर क्रॅमर्स आणि वॅनियर यांनी १९४१ साली दिले. त्यांची युक्ती पुस्तकात फार नीटसपणे उलगडली आहे. उच्च तापमानाला विभाजन फलनाचा (चुंबकांच्या सर्व शक्य मांडण्यांच्या सांख्यिकीय वजनांच्या बेरजेचा) विस्तार केला, की जाळीवर बंद वळसे काढावे लागतात. नीच तापमानाला विस्तार केला, की वर आणि खाली तोंड केलेल्या चुंबकांच्या प्रदेशांमधील सीमारेषा काढाव्या लागतात, आणि त्यासुद्धा बंद वळसेच असतात. म्हणजे एका तापमानाचे गणित दुसऱ्या तापमानाच्या गणिताचे प्रतिबिंब ठरते, आणि अवस्थांतर एकाच ठिकाणी होत असेल, तर प्रतिबिंब आणि मूळ जिथे एक होतात तिथेच ते होणार. या विचारातून क्रांतिक तापमान मिळते: बोल्ट्झमन स्थिरांकाने गुणलेले हे तापमान शेजारी चुंबकांमधील ऊर्जेच्या सुमारे २.२६९ पट असते. मॉडेल सुटलेले नसतानाही त्याचा सर्वांत महत्त्वाचा आकडा हाती येतो, ही गोष्ट वाचकाला इथे पुरेशी थांबून पाहू दिली आहे.

पुढे लार्स ऑन्सागर यांची १९४४ची उकल येते. मूळ निबंध ज्यांनी उघडून पाहिला असेल, त्यांना तो किती दुर्गम आहे हे ठाऊक असेल. मुस्सार्दो ती वाट घेत नाहीत. ते आधी वळशांच्या मोजणीची उकल देतात, मग डायमरची, म्हणजे फरशीवर दुहेरी लाद्या बसवण्याच्या मोजणीची, नंतर बॅक्स्टर यांच्या पद्धतीने परस्परांशी क्रमनिरपेक्ष असणाऱ्या ट्रान्सफर मॅट्रिक्सची (जाळीची एक ओळ पुढच्या ओळीशी जोडणाऱ्या तक्त्यांची) आणि शेवटी फर्मिऑनची. शेवटच्या उकलीत हे सगळे चुंबक नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी एक मुक्त मायोराना फर्मिऑन (स्वतःच स्वतःचा प्रतिकण असणारा कण) उरतो, ज्याचे वस्तुमान क्रांतिक तापमानापासूनच्या अंतराच्या प्रमाणात असते. चार वेगवेगळ्या वाटांनी एकाच शिखरावर पोहोचणे काहींना पाल्हाळ वाटेल. मला तसे वाटले नाही, कारण प्रत्येक वाट पुढे वेगळ्या मुलखाकडे फुटते: बॅक्स्टर यांची वाट यांग-बॅक्स्टर समीकरणाकडे जाते, तर फर्मिऑनची वाट थेट क्षेत्र सिद्धांतात उतरते.

या पहिल्या भागात एक प्रकरण मात्र घाईने उरकल्यासारखे आहे, आणि ते म्हणजे क्षेत्र सिद्धांताची ओळख करून देणारे सातवे. ज्याने क्षेत्र सिद्धांताचा अभ्यासक्रम केला आहे, त्याची त्यातून उजळणी होईल, पण ज्याने एका सत्राचाही केलेला नाही, त्याचा पाया पडणार नाही. दुसरे पुस्तक शेजारी ठेवल्यावाचून गत्यंतर नाही.

कन्फॉर्मल क्षेत्र सिद्धांतावरची पाच प्रकरणे पाठ्यपुस्तक म्हणून उत्तम आहेत. बेलाविन, पोल्याकोव्ह आणि अलेक्झांडर झामोलोद्चिकोव्ह यांनी १९८४ साली दाखवून दिले, की दोन मितींत कोन कायम ठेवणाऱ्या रूपांतरणांची सममिती अनंत आकाराची असते आणि तिच्या बळावर काही सिद्धांत, ज्यांना मिनिमल मॉडेल म्हणतात, पूर्णपणे सुटतात. आयसिंग हे त्यातले सर्वांत साधे युनिटरी, म्हणजे ज्यात संभाव्यता ऋण होत नाहीत असे, उदाहरण. त्याचा मध्यवर्ती प्रभार (सिद्धांताची ओळख ठरवणारा आकडा) १/२, आणि त्यातील क्षेत्रांची वजने (मोजपट्टी बदलली, की क्षेत्र कसे बदलते हे सांगणारे आकडे) ०, १/१६ आणि १/२. या १/१६ मधूनच चुंबकनाचा प्रसिद्ध १/८ हा घातांक निघतो, जो सी. एन. यांग यांनी १९५२ साली लांबलचक गणित करून सिद्ध केला होता. हा विषय अन्य पुस्तकांतही चांगला मांडलेला आहे. या पुस्तकाचे वेगळेपण असे, की वजनांच्या प्रत्येक तक्त्यासोबत लेखक हे कोणत्या प्रत्यक्ष अवस्थांतराचे वर्णन आहे, हे विचारत राहतो. सात दशांश मध्यवर्ती प्रभाराचे त्रिक्रांतिक आयसिंग मॉडेल, तीन अवस्थांचे पॉट्स मॉडेल, आणि ऋण मध्यवर्ती प्रभाराचे, म्हणजे उणे २२/५चे, विचित्र यांग-ली मॉडेल यांना स्वतंत्र जागा मिळाली आहे.

ज्यासाठी हे पुस्तक विकत घ्यावे तो भाग मात्र पंधराव्या प्रकरणापासून सुरू होतो. क्रांतिक बिंदूवर सगळे नेमके सुटते हे समजले. पण तापमान किंचित बदलले, किंवा बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले, तर काय राहते? कन्फॉर्मल सममिती मोडते, कणांना वस्तुमान येते, आणि बहुतेक वेळा उकलही हातची जाते. झामोलोद्चिकोव्ह यांनी १९८९ साली दाखवले, की काही निवडक विक्षोभ असे असतात, की त्यांच्याखाली कन्फॉर्मल सममिती मोडली, तरी ऊर्जा आणि संवेग यांखेरीज आणखी अक्षय्य राशींची अनंत मालिका शाबूत राहते. अशा राशी उरल्या, की कणांच्या टकरीत नवे कण निर्माण होत नाहीत, संवेगांचा संच तोच राहतो आणि अनेक कणांची टक्कर दोन-दोन कणांच्या टकरींमध्ये विभागली जाते.

अशा राशी जास्त मितींत का चालत नाहीत आणि दोनच मितींत का चालतात, याचे स्पष्टीकरण सतराव्या प्रकरणाच्या आसपास नीट समजून घ्यावे. कोलमन आणि मांडुला यांचा १९६७ चा सिद्धांत सांगतो, की चार मितींत अशी वाढीव सममिती असली, तर कण एकमेकांवर परिणामच करू शकत नाहीत. कारण अशी राशी प्रत्येक कणाच्या तरंगपुंजाला त्याच्या संवेगानुसार वेगवेगळ्या अंतराने सरकवते. मोकळ्या अवकाशात दोन कणांचे मार्ग असे सरकवले, की ते एकमेकांना चुकवून जातात आणि तरीही टकरीचा निकाल तोच राहायला हवा, म्हणून टक्कर शून्य. एका रेषेवर धावणाऱ्या दोन कणांना मात्र एकमेकांना चुकवता येत नाही. सरकवल्याने ते फक्त लवकर किंवा उशिरा भेटतात. त्यामुळे एस-मॅट्रिक्स शून्यवत होत नाही, आणि तीन कणांच्या भेटींचा क्रम बदलला, तरी उत्तर बदलू नये, या मागणीतून यांग-बॅक्स्टर समीकरण उभे राहते. जालकाच्या प्रकरणात आलेले समीकरण इथे निराळ्याच कारणाने पुन्हा दारात उभे राहते, आणि हा दुवा वाचकाच्या लक्षात यावा अशीच पुस्तकाची रचना आहे.

या यंत्रणेचा कस लागतो तो चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या, क्रांतिक तापमानाच्या आयसिंग मॉडेलवर. जालकावर हा प्रश्न ऑन्सागर यांच्या रीतीने सुटत नाही. झामोलोद्चिकोव्ह यांनी आधी अक्षय्य राशींची मोजदाद केली. सुरुवातीच्या राशींचे स्पिन १, ७, ११, १३ असे निघाले. मग सर्वांत हलक्या कणाच्या स्वतःशी होणाऱ्या टकरीचे सूत्र शोधले. त्या सूत्रात तीन ध्रुव (जिथे सूत्राची किंमत अनंत होते असे बिंदू) असे आहेत, की त्यांतून तीन बद्ध अवस्था मिळतात आणि त्यांची वस्तुमाने अनुक्रमे ६०, ३६ आणि ६ अंशांच्या कोसाइनच्या दुप्पट येतात. कॅल्क्युलेटरवर करून पाहावे: पहिले उत्तर १, म्हणजे तो कण स्वतःच स्वतःची बद्ध अवस्था आहे, दुसरे १.६१८, म्हणजे सुवर्ण गुणोत्तर, तिसरे १.९८९. हाच न्याय पुढे चालवला, की एकूण आठ कणांवर मालिका बंद होते आणि त्यांच्या वस्तुमानांमागे ई-आठ या ली बीजगणिताची (सममितींचे वर्णन करणाऱ्या बीजगणिताची) रचना दिसते. पहिले तीन कण सोडले, तर बाकीचे पाचही सर्वांत हलक्या कणाच्या दुपटीहून जड आहेत; सामान्य न्यायाने त्यांनी फुटून जायला हवे, पण अक्षय्य राशी त्यांना फुटू देत नाहीत. तापमान किंचित हलवले, की तो पहारा उठतो. पहारा उठल्यावर काय होते, याचे गणित स्वतः मुस्सार्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आहे. शेवटचे प्रकरण त्याच मुलखातले आहे.

हे सारे केवळ कागदावरचे नाही. पुस्तक बाजारात आले त्याच सुमारास, जानेवारी २०१० मध्ये, राडू कोल्डिया आणि सहकाऱ्यांनी कोबाल्ट नायोबेटच्या स्फटिकावर न्यूट्रॉनचा मारा करून केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. या स्फटिकात कोबाल्टचे चुंबक साखळ्यांमध्ये बसलेले असतात. सुमारे साडेपाच टेस्लाच्या आडव्या चुंबकीय क्षेत्रात त्या साखळ्या क्रांतिक बिंदूला येतात, आणि शेजारच्या साखळ्यांचा प्रभाव लहानशा उभ्या क्षेत्रासारखा काम करतो. तिथे दिसलेल्या पहिल्या दोन ऊर्जापातळ्यांचे गुणोत्तर क्रांतिक बिंदूजवळ सुवर्ण गुणोत्तराच्या दिशेने गेले. आठांपैकी दोनच कण त्या प्रयोगात स्पष्ट दिसले, हेही सांगितले पाहिजे.

वस्तुमाने मिळाली, पण न्यूट्रॉनला जे दिसते ते सहसंबंध फलन असते, आणि ते काढण्यासाठी फॉर्म फॅक्टरची, म्हणजे एखादे क्षेत्र निर्वातातून कणांची अवस्था कितपत निर्माण करते याच्या मापांची, रीत लागते. या विषयात लेखकाचा स्वतःचा वाटा मोठा आहे; देल्फिनो आणि मुस्सार्दो यांनी १९९५ साली चुंबकीय क्षेत्रातील आयसिंगचे सहसंबंध फलन याच रीतीने काढले. विसाव्या प्रकरणात ती रीत शिकवली आहे, आणि ती पटावी म्हणून एक सुरेख पडताळा उपलब्ध आहे. मध्यवर्ती प्रभार १/२ आहे हे आधीच माहीत असते. तोच आकडा आता कणांच्या अवस्थांवरील बेरजेतून परत मिळायला हवा. एकट्या सर्वांत हलक्या कणाची अवस्था घेतली, की सुमारे ०.४७२ येतात, दुसऱ्या कणाने ०.०१९ची भर पडते; आणखी मोजक्या अवस्था घेतल्या, की बेरीज अर्ध्याला जवळजवळ टेकते. अनंत पदांच्या श्रेणीचे पहिलेच पद नव्वद टक्क्यांहून अधिक काम उरकते, हे पाहिल्यावर या पद्धतीवर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

एकोणिसाव्या प्रकरणातील थर्मोडायनॅमिक बेथे अन्सात्झ (कणांच्या टकरींवरून औष्णिक गुणधर्म काढण्याची रीत) हाही असाच पडताळा आहे, पण उलट्या दिशेने. यांग-ली मॉडेलमध्ये एकच कण असतो. त्याचे एस-मॅट्रिक्स जॉन कार्डी आणि मुस्सार्दो यांनी १९८९ साली मांडले. त्या एका सूत्रावरून, दुसरे काहीही गृहीत न धरता, अलेक्सेई झामोलोद्चिकोव्ह यांच्या १९९०च्या पद्धतीने एक अरेषीय समाकलन समीकरण लिहिता येते. ते लॅपटॉपवर पुनरावृत्तीने सोडवले, की काही सेकंदांत उत्तर स्थिरावते, आणि लहान अंतराच्या मर्यादेत ‘इफेक्टिव्ह’ मध्यवर्ती प्रभार, म्हणजे उणे २२/५मध्ये सर्वांत लहान, ऋण वजनाचाही हिशेब धरून येणारा आकडा, २/५ मिळतो, म्हणजे कन्फॉर्मल सिद्धांत जे सांगतो तेच. ज्या अध्यापकांना पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी प्रकल्प हवा असेल, त्यांनी याच्यापेक्षा चांगला विषय शोधत बसू नये.

आता उणिवा. सगळ्यात मोठी अशी, की ‘दोन मितींतील नेमके सुटणारे क्षेत्र सिद्धांत’ या विषयाचा जो भाग मूलकण भौतिकीतून आला, तो इथे दुय्यम आहे. थिरिंग यांचे १९५८चे फर्मिऑनचे मॉडेल आणि साइन-गॉर्डन मॉडेल ही एकाच सिद्धांताची दोन रूपे आहेत, हे कोलमन यांनी १९७५ साली दाखवले. एका रूपात जो सॉलिटॉन (आकार न बदलता धावणारी एकाकी लाट) आहे तो दुसऱ्यात मूळ कण असतो. सॉलिटॉनच्या टकरी आणि बोसोनीकरण (फर्मिऑनचा सिद्धांत बोसॉनच्या भाषेत लिहिणे) दोन्ही पुस्तकात आहेत, पण त्या शोधामागचा थरार पानांत उतरलेला नाही. श्विंगर यांचे १९६२चे मॉडेल, ज्यात वस्तुमान नसलेल्या फर्मिऑनमुळे फोटॉनला प्रभार भागिले पायचे वर्गमूळ एवढे वस्तुमान येते, ते शिकायचे असेल, तर या ग्रंथाचा उपयोग नाही. बेथे यांच्या १९३१च्या रीतीने स्पिनसाखळ्या सोडवणे, आठ-शिरोबिंदू मॉडेल, क्वांटम ग्रुप यांसाठीही इतरत्र जावे लागेल. पहिल्या दोहोंसाठी बॅक्स्टर यांच्या १९८२च्या ग्रंथाला आजही तोड नाही. मुस्सार्दो यांचे पुस्तक त्याची जागा घेत नाही, आणि घ्यायचा त्यांचा इरादाही दिसत नाही.

दुसरी तक्रार प्रकरणाअखेरच्या प्रश्नांविषयी आहे. प्रश्न विचारपूर्वक निवडलेले आहेत, परंतु काही दोन ओळींत सुटतात, तर काहींच्या पोटात एखादा अख्खा शोधनिबंध दडलेला असतो, आणि कोणता कुठल्या जातीचा याची खूण दिलेली नाही. मार्गदर्शकाविना वाचणाऱ्याचा त्यात जीव मेटाकुटीला येईल.

मराठी मुलखातील वाचकाला या पुस्तकाच्या जोडीने वाचण्यासारखे बरेच काही घराजवळच घडलेले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी १९६९ साली मांडलेली, जिची निम्नतम अवस्था नेमकी लिहिता येते अशी स्पिनसाखळी जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याच संस्थेत समीर माथुर, सुनील मुखी आणि अशोक सेन यांनी १९८८ साली कन्फॉर्मल सिद्धांतांची वर्गवारी विकलक समीकरणांच्या आधारे करण्याची पद्धत काढली; अकराव्या ते चौदाव्या प्रकरणांनंतर तो निबंध वाचायला अवघड जाऊ नये. दीपक धर यांनी १९८३ साली त्रिमितीय दिशाबद्ध ‘प्राण्यां’ची, म्हणजे जाळीवर एकाच दिशेने वाढणाऱ्या आकृत्यांची, मोजणी बॅक्स्टर यांच्या षट्कोनी मॉडेलच्या उकलीवरून केली. पुढे पुण्याच्या आयसरमध्ये असताना २०२२ साली त्यांना बोल्ट्झमन पदक मिळाले.

खरेदीविषयी सांगायचे, तर पुठ्ठाबांधणीची प्रत विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी नाही. विभागाच्या ग्रंथालयाने एक घ्यावी आणि ती संदर्भ विभागात कुलूपबंद न ठेवता बाहेर द्यावी. २०२० साली दुसरी, बरीच वाढवलेली आवृत्ती निघाली आहे आणि नव्याने घेणाऱ्याने तीच घ्यावी. हे परीक्षण पहिल्या आवृत्तीवर बेतलेले आहे, आणि जिच्या ग्रंथालयात ती आहे त्या विद्यार्थिनीने नव्या आवृत्तीसाठी अडून राहण्याचे कारण नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीने वाचण्याचा हट्टही धरू नये. चौथे, सहावे आणि नववे प्रकरण, मग दहावे आणि अकरावे, आणि तिथून थेट पंधरा ते वीस, असा एका सत्राचा अभ्यासक्रम सहज बसतो. तेरावे प्रकरण आणि पुस्तकाची पहिली सत्तर-ऐंशी पाने गरज पडेल तेव्हा उघडली तरी चालतील.